फॉर नको, व्हाइल नको

एक ते शंभर आकडे छापून दाखवा. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या कुठल्याही पोराला हे पहिल्या पंधरवड्यात जमतं; एका फॉर लूपचं, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या आज्ञेचं काम. पण याच वाक्याला कुणी 'लूप न वापरता' अशी शेपटी जोडली की गंमत सुरू होते. इंजिनिअरिंग कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की हे कोडं हॉस्टेलभर फिरतं आणि तोंडागणिक अटी वाढत जातात. फॉर नको, व्हाइल नको, डू-व्हाइल नको, म्हणजे लूपचे तिन्ही प्रकार बाद. मग 'अमुक असेल तर' म्हणणारा इफ पण नको. प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर उडी मारायला लावणारा गोटू तर नकोच नको. गोटूची बदनामी जुनी आहे. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी त्याच्याविरुद्ध एका नियतकालिकाला पत्र लिहिलं, आणि गोटूला घातक ठरवणारा त्याचा गाजलेला मथळा दिला तो संपादक निकलाउस विर्थ यांनी. तेव्हापासून गोटू वापरणारा माणूस पंगतीत डाव्या हाताने वाढणाऱ्यासारखा दिसतो.

मला या कोड्यांचा नाद आहे. ऑफिसात दिवसभर लूप सढळ हाताने वापरतो, तिथे कुणी अडवत नाही. रात्री जेवणं उरकली की मात्र स्वतःवर बंदी घालून बसतो. बायको म्हणते, "जे सरळ होतं तेच वाकड्यात शिरून करायचं, यात काय पुरुषार्थ?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नाद तो नाद.

सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे शंभर वेळा प्रिंटएफ ही छापायची आज्ञा लिहिणं. नियमात चोख बसतं, आणि कुणीही ते मान्य करत नाही. माझ्या मते त्याचं कारण असं, की लूप तिथेही असतोच. फक्त तो कंट्रोल-व्ही दाबणाऱ्या बोटात गेलेला असतो. तेच तेच करायचं म्हटलं की ते कुणाला तरी करावं लागणार. प्रश्न एवढाच उरतो, की हे लोढणं कुणाच्या गळ्यात बांधायचं.

नेहमीचे लोक ते फंक्शनच्याच, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्याच गळ्यात बांधतात. फंक्शन एक आकडा छापतं आणि पुढचा आकडा देऊन स्वतःलाच हाक मारतं. हे झालं रिकर्शन. पण थांबायचं कुठे? इफला तर बंदी. इथे सीमधलं दुहेरी अँड, म्हणजे 'आणि'चं चिन्ह, कामाला येतं. ते भारी आळशी. डावीकडची गोष्ट खोटी निघाली की उजवीकडे ते ढुंकूनही बघत नाही. म्हणून 'आकडा शंभरपर्यंत आहे', अँड 'छाप', अँड 'पुढच्याला बोलाव' अशी एका ओळीत माळ लावायची. इफचं नावही न घेता इफचं काम होतं. मधल्या 'छाप'पाशी माळ तुटत नाही, कारण प्रिंटएफ आपण किती अक्षरं छापली तो आकडा परत देतं. एकचा आकडा आणि नवी ओळ मिळून दोन झाली. दोन म्हणजे शून्य नव्हे, आणि शून्य नसलेलं सगळं सीला खरंच वाटतं.

याहून देखणी आहे ती सुरुवात. वेगळं फंक्शन कशाला, प्रोग्रॅम ज्या फंक्शनपासून सुरू होतो त्या मेनलाच जुंपू. मेनला बाहेरून सगळ्यात आधी मिळते ती एक संख्या: प्रोग्रॅम सुरू करताना किती शब्द टाइप केले. नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, तर ही संख्या एक असते. आणि आपल्याला मोजायचंही एकपासूनच आहे! काहीही न करता एक पदरात पडतो. सीमध्ये मेनने स्वतःला हाक मारलेली चालते. सी प्लस प्लसमध्ये तेवढं निषिद्ध आहे. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी उगाचच उठून पाणी पिऊन आलो होतो.

दुसरं घराणं विध्वंसक. आकडा छापला की एकला '१०० वजा तो आकडा' याने भागायचं आणि उत्तर उगाच पुढच्या हाकेत दुसरं आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनच्या हातात द्यायची दुसरी किंमत, म्हणून पाठवायचं. शंभरावर पोचलो की भागाकार शून्याने होतो आणि प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. शंभर आकडे मात्र तोवर पडद्यावर आलेले असतात. इंटेलच्या मशीनवर, लिनक्समध्ये, मरताना तो 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन', म्हणजे अपूर्णांकांच्या हिशेबात घोटाळा, असं ओरडतो. वास्तविक बिचाऱ्यात एकही अपूर्णांक नसतो. यातली खोच अशी, की हेच आकडे पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवले तर फाइल रिकामी निघते. छापलेलं सगळं बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमत असतं, आणि अकाली मेलेल्या प्रोग्रॅमला ते फाइलीत ओतायला फुरसत मिळत नाही.

तिसरं घराणं सोवळं. दोन फंक्शनं शून्यापासून क्रमांक लावलेल्या यादीत, म्हणजे एका अ‍ॅरेत ठेवायची, एक पुढे नेणारं आणि एक थांबवणारं, आणि आकड्याला शंभराने भागून जे येईल त्या क्रमांकाचं बोलवायचं. पूर्णांकांचा भागाकार नव्व्याण्णवपर्यंत शून्यच येतो, शंभरावर एक. बरोबर चालतं, पण मला त्यात मजा येत नाही.

असले उद्योग आपल्याकडे फार आधीपासून चालू आहेत. मोरोपंतांनी १०८ रामायणं लिहिली असं सांगतात, त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठांना ओठ लावून उच्चारायची अक्षरंच नाहीत. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही! बारामतीच्या त्या पंडिताला कुणी इंटरव्ह्यूला बोलावलं नव्हतं. सरळ रामायण त्यांना येत होतंच. हे त्यांनी स्वतःच्या हौसेने अंगावर घेतलं.

म्हणूनच इंटरव्ह्यूत हा प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा राग आहे. ज्याला युक्ती माहीत आहे तो अर्ध्या मिनिटात सांगतो, ज्याला नाही तो घाम पुसत बसतो, आणि दोघांपैकी कामाचा कोण ते काही कळत नाही. त्यातून एक ते शंभरची बेरीज विचारली असेल तर रिकर्शन लिहिणाऱ्यापेक्षा पाच हजार पन्नास म्हणून मोकळा होणारा मला जास्त आवडेल. पदसंख्येला एक जास्त पदसंख्येने गुणून निम्मं करायचं हा नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० च्या सुमाराला दिलेला आहे. लूपची आठवणसुद्धा काढायची गरज नाही.

एर्लांग शिकलेल्या माणसाला तर हे कोडंच कळणार नाही. त्या भाषेत फॉर आणि व्हाइल मुळात नाहीतच. रिकर्शन हाच तिथला रोजचा भात. ती जन्मली एरिक्सनमध्ये, टेलिफोन एक्स्चेंजसाठी, आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर तिच्यावर उभे राहिले. तेव्हा तुमच्या आत्याबाईंचं गुलाबाच्या फुलासकट आलेलं 'शुभ सकाळ' हे फॉर लूप नसलेल्या कोडमधून तुमच्यापर्यंत पोचलेलं आहे. उलट पायथॉन या बाबतीत कंजूष. फंक्शनने स्वतःला किती खोलवर हाका माराव्यात याची त्याची मर्यादा मुळात हजार. त्यामुळे एक ते हजार छापायला बसलात तर हजाराच्या जरा अलीकडेच तो हात वर करतो.

आणि आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरची तऱ्हा निराळीच. आपण आटापिटा करून लूप टाळायचा, फंक्शनच्या अगदी शेवटी स्वतःला हाक मारायची, आणि जीसीसी या कंपायलरला जरा वेगवान कोड कर म्हणून ओ-टू हा पर्याय दिला की तो ती हाक पुसून तिथे मागे जाणारी उडी टाकतो. म्हणजे लूपच. असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, डोकावलं तर तिथे फॉर नाही, व्हाइल नाही, नुसत्या उड्या. १९६८ साली ज्याच्याविरुद्ध पत्र गेलं, तो गोटू तळघरात खुशाल नांदतोय.

तरी रात्री मी बसतोच. सध्या नवी अट घातलीय: कोडमध्ये एकही आकडा दिसता कामा नये. एकची चिंता नाही, तो मेनला आयता मिळतो, आणि पुढे एकाने वाढवणारं दुहेरी अधिक लावलं की झालं. अडलं होतं शंभरावर. मग अ‍ॅस्कीचा तक्ता आठवला, प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून देणारा. त्यात बारक्या लिपीतला ए सत्त्याण्णव, बी अठ्ठ्याण्णव, सी नव्व्याण्णव, आणि डी बरोबर शंभर. अवतरणात एक डी लिहिला की संपलं. प्रिंटएफला पूर्णांक छाप म्हणून सांगताना टक्क्याच्या चिन्हापुढे जो डी लिहितात, तोच हा.