पाण्याची वाटणी आणि विश्वेश्वरय्यांचा राजीनामा

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दूरचे वाटत नाहीत. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे अभियंता दिन म्हणून पाळला जातो, आणि एका वर्षी ठाण्यातील अभियंत्यांच्या मेळाव्यात त्यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले होते. अभियंता राज्यकारभारात शिरला की त्याच्या विद्येचे काय होते, हा विषय मी स्वतःच सुचवला होता. भाषणाचे टिपण तयार होते. मात्र त्याच दिवशी पहाटे एका वस्तीची पाहणी ठरली, आणि त्या पाहणीनंतर टिपणाचा निम्मा भाग मी नव्याने लिहिला.

ठाणे शहराला महापालिकेची भातसा नदीवरील स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर) पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी मिळते. सप्टेंबरात धरणे भरलेली असतात, त्यामुळे पाणी नाही असे त्या दिवसांत कोणी म्हणू शकत नाही. तरीही डोंगरउतारावरील त्या वस्तीत नळाला धार येत नव्हती. त्या भागाच्या नगरसेविका स्वतः स्थापत्य अभियंता होत्या. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी जलवाहिन्यांचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात बरीच वर्षे नोकरी केली होती. लोक त्यांना ताई म्हणत, आणि मीही ताईच म्हणत असे. त्यांनी मोर्चा आणण्याऐवजी आमच्या सल्लागार कार्यालयाकडून दाबाची मोजणी मागवली होती आणि पाणी सुटण्याच्या वेळेला त्या स्वतः हजर होत्या.

वस्तीतील सर्वांत वरच्या नळाला आम्ही प्रेशर गेज लावले. एक किलो दाब म्हणजे साधारण 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. जलकुंभ त्या नळापेक्षा जवळपास 18 मीटर उंचावर होता, म्हणजे वाहिनीतील घर्षणाची घट धरूनही एक किलोच्या वर दाब दिसायला हवा होता. पाणी सुटले, नळातून सूं सूं करीत हवा बाहेर पडली, काटा जरासा थरथरला आणि पुन्हा शून्यावर जाऊन बसला. हंडे मांडून उभ्या असलेल्या बायकांना त्यात नवे काहीच नव्हते. ताई एक शब्दही न बोलता उतार उतरू लागल्या आणि आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो.

खाली मोठमोठ्या सोसायट्या होत्या आणि त्यांच्या टाक्या जमिनीखाली होत्या. पाणी सुटताच त्या सगळ्या एकाच वेळी भरू लागत. वाहिनी खालच्या अंगाला अशी मोकळी सुटली की पाण्याचा वेग वाढतो, वेगाबरोबर घर्षणाची घट वाढते, आणि वरच्या बाजूला चढण्यापुरता दाब उरतच नाही. यात कोणाची चोरी नव्हती, कोणाचा हलगर्जीपणाही नव्हता. ताईंनी व्हॉल्व्हमनला खालच्या फाट्याची चावी आवळायला सांगितली. तो एकेक आटा मोठ्याने मोजत होता, आणि वर गेजजवळ उभा असलेला आमच्या कार्यालयातला मुलगा फोनवर काटा सांगत होता. खालचा फाटा जवळजवळ बंद झाला तेव्हा वरून उत्तर आले, ‘साहेब, पाऊण किलो!’ पाठोपाठ हंड्यांचा आवाजही ऐकू आला.

एवढे करायला अभियंता पुरेसा होता. पुढचे काम वेगळे होते. सोसायटीचे सचिव धावत आले आणि म्हणाले, ‘ताई, मतं आम्ही दिली तुम्हाला आणि पाणी आमचंच तोडता?’ ताई त्याच सोसायटीत राहत होत्या. त्यांनी सचिवांना गाडीच्या बॉनेटपाशी नेले, कागदावर जलकुंभ, सोसायटी आणि वस्ती यांच्या पातळ्या काढून दाखवल्या आणि सांगितले, ‘पहिला दीड तास वर, मग खाली. तुमच्याकडे टाकी आहे, त्यांच्याकडे हंडे आहेत. पुढच्या वेळी मत देऊ नका, पण हे वेळापत्रक बदलणार नाही.’ सचिवांचे समाधान झाले नाही. ते परत जाईपर्यंत ताई तिथून हलल्या नाहीत.

त्या वेळी मला नीरा कालवा आठवला. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याला 1903 मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक असतात. माझ्या मते त्यांचे त्याहून मोठे काम म्हणजे नीरा कालव्याच्या पाण्याची गटपद्धती. कालव्याचे पाणी थोड्या गावांच्या उसातच मुरू नये म्हणून त्यांनी जमिनीचे गट पाडले, गटाच्या ठरावीक हिश्शालाच बारमाही पाणी दिले आणि पिकांची पाळी फिरती ठेवली. ज्यांच्या शेतात आधीपासून पाणी होते त्यांनी साहजिकच कुरकुर केली. मोजमापाने सुरू झालेले ते काम वाटणीपर्यंत गेले होते, आणि वाटणी म्हणजे राजकारण. त्या अर्थाने 1912 मध्ये म्हैसूरचे दिवाण होण्याच्या कितीतरी आधीच ते राजकारणात उतरले होते, असे मला वाटते.

दिवाण म्हणून त्यांनी सहा वर्षांत जे उभे केले ते पाहून आजही छाती दडपते. 1913 मध्ये म्हैसूर बँक निघाली, त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झाले, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पाया घातला गेला आणि कृष्णराज सागराचे बांधकाम पुढे गेले. माझ्या मूळ टिपणात हे सगळे होते. राजीनाम्याला मात्र एकच ओळ दिली होती.

दुपारी मी त्या ओळीकडे वळलो. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण फार होते आणि इतर समाजांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी त्यासाठी 1918 मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शिक्षण पसरले की हा प्रश्न आपोआप सुटेल आणि नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. ज्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी गट पाडून पाळी लावली, त्यांना नोकऱ्यांच्या बाबतीत पाळी मान्य झाली नाही. या एका बाबतीत महाराजांची बाजू न्याय्य होती, असे मी टिपणात लिहिले आणि संध्याकाळी तसेच बोललो.

एका ज्येष्ठ अभियंत्यांना ते रुचले नाही. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्या माणसाला दोष देणे अन्यायाचे आहे, असे ते उभे राहून म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. विश्वेश्वरय्यांविषयी माझ्याइतकाच आदर त्यांनाही होता. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, माझा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला नसता तर मला कोणी उमेदवारी दिली नसती. पदवी माझ्याकडे तेव्हाही होती. पाणी धरणात असतंच, पण वरच्या नळाला आधी दिलं नाही तर ते तिथे पोहोचत नाही.’ ज्येष्ठांनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. ते मान्य केले नाही, परंतु कार्यक्रमानंतर ते दोघे बराच वेळ पाणी-वेळापत्रकावरच बोलत उभे होते.

आमचा अहवाल त्याच आठवड्यात गेला. त्यात वरच्या वस्तीला पहिली पाळी, खालच्या फाट्यावर प्रवाह रोखणारा वेगळा व्हॉल्व्ह आणि पुढील टप्प्यात वस्तीसाठी जलकुंभापासून स्वतंत्र वाहिनी अशा शिफारशी होत्या. पहिल्या दोन लगेच अमलात आल्या. स्वतंत्र वाहिनीसाठी ताई प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी तरतूद मागतात, आणि त्या मागणीबरोबर पहाटेच्या त्या मोजणीचा तक्ता जोडतात.