ऐनाच्या पानावरच्या गाठी आणि सातबाऱ्याचा रकाना

रकाना क्रमांक चार: ‘गट क्रमांक व सातबारा उतारा (अनिवार्य)’. आज तीन महिने झाले, तरी पानांवरची कीड तपासून घेण्याचा तो अर्ज आठवला की डोकं तापतं. त्या एका रकान्यापायी माझे 11 दिवस गेले आणि ऐनाची निम्मी पानं हातची गेली.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी. बाबांनी जन्मभर ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पाळला, आता मी पाळतो. यंदा पावसाळी पिकाचे अंडीपुंज आणले, अळ्या झाडांवर चढवल्या, सगळं सुरळीत होतं. जुलैत कोवळ्या पालवीवर मोहरीएवढे फोड दिसले. आठवड्याभरात ते ज्वारीच्या दाण्याएवढे झाले, एकमेकांना भिडले आणि पान आक्रसून गेलं. अळ्या कडेला तोंड लावायच्या आणि सोडून पुढे सरकायच्या. ब्लेडनं एक गाठ चिरली तर आत चपटं, पिवळसर पिल्लू, नखाच्या टोकावर मावेल एवढं.

पुतण्यानं फोटो मोबाइलवर शोधला. उत्तर आलं युरोपातल्या बीच नावाच्या झाडाचं! तिथं मिकिओला फागी नावाची चिलटासारखी माशी आहे. बीचच्या पानावर तिची लिंबाच्या बीसारखी, टोकदार, गुळगुळीत गाठ येते, आत एकच अळी असते आणि पानगळीच्या दिवसांत गाठ खाली पडते. आपल्याकडे बीच नाही, म्हणजे उत्तर चुकीचंच. पण त्यातून एक कामाचं कळलं. गाठ किडा बांधत नाही, पानच बांधतं. किड्यामुळे त्या जागच्या पेशी भलत्याच वाढतात आणि तो आत सुरक्षित बसतो.

दुसऱ्या दिवशी पानं तपासायला द्यायला तालुक्याच्या कार्यालयात गेलो.

“सातबारा?”

“साहेब, ऐन जंगलातले आहेत. जंगलाचा सातबारा माझ्या नावावर कुठून येणार?”

“मग नमुना कोणाच्या नावानं घेऊ? जमीन ज्यांची, त्यांना अर्ज करायला सांगा.”

जमीन ज्यांची, त्यांच्याकडे गेलो. तिथं सांगितलं, “झाड आमचं, कीड आमचा विषय नाही.” परत पहिल्या खिडकीवर. जेवणाची सुट्टी. मग साहेब मीटिंगला. चार वाजता पिशवी उघडली तर पानं घामेजून काळी पडलेली. (पानं प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नेऊ नका. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवा, आणि थोडी डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळी न्या. कोवळी गाठ, जून गाठ, फुटलेली गाठ, तिन्ही हव्यात.)

दुसरी खेपही तशीच. “उतारा आणा, लगेच घेतो.” मी म्हटलं, रकान्यात ‘वनजमीन’ लिहा. ते म्हणाले, तशी सोय नाही. माझ्या हातातल्या डहाळीवर गाठी डोळ्यांसमोर होत्या, कुणी एकदा वाकून पाहिलं नाही. राग आला, रडूही आलं. झाडावरची अळी कागदासाठी थांबत नाही, तिला रोज पाला लागतो.

वाट सापडली ती गावातच. ग्रामसभेच्या अध्यक्षबाईंनी पेटीतून सामूहिक वनहक्काचं, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्काचं, अधिकारपत्र काढलं. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. बांबू, मध, लाख, तेंदूपत्ता यांच्या ओळीत टसर आणि कोष हे शब्द छापलेले आहेत. मी त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. अधिकारपत्राची प्रत, त्या पानाची प्रत आणि ‘अमुक गटात अमुक व्यक्ती कोसा पाळते’ असा ग्रामसभेचा ठराव, एवढं घेऊन तिसऱ्यांदा गेलो. त्याच खिडकीवरच्या माणसानं दोनदा वाचलं आणि रकान्यात ‘सामूहिक वनहक्क’ असं लिहिलं. पाच मिनिटांत शिक्क्याची पोच हातात! पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढचं काम भराभर झालं. तपासणाऱ्या ताईंनी भिंगाखाली पाहून सांगितलं, ही ट्रायोझा फ्लेचेरी. ऐन-अर्जुनावरची, उड्या मारणारी बारीक कीड. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते, पिल्लू पाच अवस्था गाठीतच काढतं, आणि गाठ फुटली की पंखवालं होऊन पुढच्या पालवीवर जातं. म्हणून गाठ बंद असतानाच पान खुडून जाळायचं. फवारणीचा विचारही नको, अळ्या झाडावर असताना औषध मारलं तर पहिला आपला कोसा मरतो.

गाठ बंद असतानाच! पहिल्या दिवशी माझ्या हातातल्या सगळ्या गाठी बंद होत्या. उत्तर मिळालं तेव्हा खालच्या फांद्यांवरच्या फुटून गेल्या होत्या.

उरलेल्या अळ्या फांद्यांसकट कापून नाल्याकाठच्या अर्जुनांवर हलवल्या, दोन दिवस घरच्या सगळ्यांनी. 2,000 कोशांचा अंदाज होता, 740 निघाले. पण हाताला टणक लागले, देठही मजबूत.

ठरावाची प्रत मी आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवली आहे. शेजारच्या दोन गावांनी मजकूर उतरवून नेला. कोणाला हवा असेल तर माझ्याकडून न्या, आणि जून उजाडायच्या आत ग्रामसभेत मंजूर करून घ्या.