हाड मधून वाढतं की टोकाला?

रविवारी सकाळी सोसायटीतली सात-आठ पोरं माझ्याकडे येतात, पाचवी ते सातवीतली. या वेळी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, आपलं हाड वाढतं ते नक्की कुठून वाढतं? लगेच उत्तर, "ताई, सगळीकडून, रबर ताणल्यासारखं." मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही. एका रबरबँडवर पेनाने दोन ठिपके काढले, ताणला, ठिपके लांब गेले. मग विचारलं, समजा कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचावर दोन भोकं पाडली आणि दोन महिन्यांत ते हाड एक इंचाने वाढलं, तर भोकांमधलं अंतर आता किती? सगळ्यांना वहीत आकडा लिहायला लावला, पाऊण, एक, एकीने तर गणितच मांडलं.

अंतर तेवढंच राहिलं होतं, अर्धा इंच. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रजाने हे करून बघितलं आणि १७२७ साली पुस्तकात छापलं. "पिल्लाला दुखलं असेल ना?" असं एकीने विचारलं आणि हो, दुखलंच असणार, म्हणून आपण ते करायचं नाही, आपल्याकडे एक्सरे आहेत.

सहावीतल्या एकाचा मनगटाचा एक्सरे होता, सायकलवरून पडला होता तेव्हाचा, आणि माझाही एक जुना होता. दोन्ही खिडकीच्या काचेला चिकटवले. पाच मिनिटं नुसती शांतता, सगळ्यांची नाकं काचेला, आणि मग एकदम, "ताई, याचं हाड तुटलंय!" हाताच्या लांब हाडाच्या टोकाजवळ आडवी काळी फट, तीही दोन्ही हाडांना, बोटांच्या हाडांनाही. माझ्या एक्सरेत कुठेच नाही. सगळीच हाडं कशी तुटतील, आणि तीही इतकी सरळ, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, मी फक्त एवढंच सांगितलं की तिथे कूर्चा असते, ती मऊ, एक्सरेत दिसत नाही. लांबी तिथेच वाढते, नवीन कूर्चा तयार होत राहते आणि मागची हाड बनत जाते, वयात आल्यावर हळूहळू फट बुजते आणि उंची थांबते. डॉक्टर डाव्या हाताच्या एक्सरेवरून हाडांचं वय सांगतात ते हेच बघून. हे आधीच सांगून टाकलं असतं तर त्या काचेपाशी कोणी पाच मिनिटं उभंच राहिलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

जाताना एकाने विचारलं, "मग बारला लटकून उंची वाढत नाही?" खाली झोपाळ्याच्या दांडीला रोज लटकतात सगळे. म्हटलं मोजा, सकाळी उठल्या उठल्या, लटकायच्या आधी, नंतर आणि रात्री झोपताना, आठवडाभर. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या फुगतात, त्यामुळे सकाळी उंची साधारण सेंटीमीटरभर जास्त भरते, हे मला माहितीये पण त्यांना नाही सांगितलं. काल संध्याकाळी एक जण वही घेऊन दारात, "ताई, मी दिवसभरात कमी कसा झालो?"