आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे

आमचे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, २००४ सालचे, डिझेलवर चालणारे आणि मागे इंजिन असलेले आहे. इंजिन मागे असल्यामुळे रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. त्याचा पंखा हायड्रॉलिक मोटरवर फिरतो आणि त्याच टाकीतले तेल स्टीअरिंगलाही जाते. या वसंतात ॲरिझोनाहून कोलोरॅडोच्या घाटांकडे निघण्यापूर्वी मी त्या तेलाचा, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीवरचा, फिल्टर बदलायला घेतला.

दुकानातल्या गृहस्थांनी जुना फिल्टर हातात घेतला, आटे ताडून पाहिले आणि तशाच आट्यांचा, इंजिन ऑइलचा एक स्वस्त फिल्टर पुढे केला. तो बसलाही असता, आणि खरी गोम तिथेच आहे. फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर आतला गाळणीचा कागद फाटू नये म्हणून तेलाला वळसा देणारी बायपास झडप असते. माझ्या जुन्या फिल्टरची झडप २५ पीएसआय (दाबाचे एकक) इतक्या दाबाला उघडणारी होती. इंजिनाच्या पुष्कळ फिल्टरांत ती याहून बऱ्याच कमी दाबाला उघडते, म्हणजे घाट चढताना पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला की तेल न गाळताच पुढे जाणार. आणि काही फिल्टरांत ती नसतेच, कारण त्या इंजिनात ती फिल्टरच्या बैठकीत बसवलेली असते. तसा फिल्टर इथे लावला आणि तो तुंबला, तर कागद फाटेल किंवा परतीच्या नळीतला दाब वाढून पंख्याच्या मोटरचे सील जाईल.

दुसरा घोळ मायक्रॉनचा, म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्या मापाचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन खोक्यांवर ‘१० मायक्रॉन’ असे सारखेच छापलेले असले, तरी बीटा गुणोत्तर दिलेले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. बीटा २०० म्हणजे त्या आकाराच्या किंवा त्याहून मोठ्या दोनशे कणांपैकी एकच निसटतो. बीटा २ म्हणजे निम्मे निसटतात. नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनखालचा कण दिसत नाही, त्यामुळे ‘तेल कसे स्वच्छ दिसते आहे’ हा पुरावा होऊ शकत नाही. उलट बारीक तेवढे चांगले, असेही नाही. पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला बारीक फिल्टर लावला, तर पंपाला तेल अपुरे पडते आणि तो खडी दळल्यासारखा वाजू लागतो; म्हणूनच तिथे जाडसर जाळी असते. फिल्टरच्या सीलला साध्या खनिज तेलासाठी नायट्राइल हे नेहमीचे कृत्रिम रबर चालते, म्हणून त्यावर मी वेळ घालवला नाही.

शेवटी पंपाचा प्रवाह, झडपेचा दाब आणि बीटा हे तिन्ही आकडे कागदावर लिहून नेले आणि दुसऱ्या दुकानातून, जवळजवळ दुप्पट किमतीला, हवा तो फिल्टर आणला.

जुना फिल्टर फेकण्याआधी मी पत्र्याच्या कात्रीने कापला आणि त्याचा चुणीदार कागद जुन्या वर्तमानपत्रावर उलगडला. (ही खटपट स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये, हे मला घरातून पुरेशा स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले आहे.) चुंबकाला चिमूटभरही लोखंडी कीस लागला नाही, तेव्हा हायसे वाटले, पण चुण्यांत नखाएवढे काळे, मऊ तुकडे अडकले होते. परतीच्या रबरी नळीचे अस्तर आतून सुटू लागले होते. नवा फिल्टर तसाच खोक्यात ठेवून मी आधी नळी मागवली, आणि कोलोरॅडो आठवडाभर पुढे गेले.