नकाशा बरोबर, खाच उथळ

घरच्या छोट्या राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या मशीनवर, सर्किट बोर्ड कोरायचा म्हटलं की सगळा हिशेब ३५ मायक्रॉनांचा असतो. नेहमीचा एफआर-४, म्हणजे काचतंतूंचा, बोर्ड १.६ मिलिमीटर जाड, आणि त्यावरचा तांब्याचा थर ०.०३५ मिलिमीटर. झेरॉक्सच्या कागदाचं एक पान याच्या जवळजवळ तिप्पट जाड असतं. बिटाने, म्हणजे मशीनच्या टोकदार पात्याने, हा थर पुरता कापला पाहिजे, नाहीतर शेजारचे दोन ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेषा, जोडलेले राहतात. आणि फार खोलही जाऊन चालत नाही, कारण बिट व्ही आकाराचा असतो. तो जितका खाली जाईल तितकी खाच रुंद होते. ३० अंशांचा, ०.१ मिमी टोकाचा बिट ०.०८ खोल गेला तर खाच साधारण ०.१४ मिमी रुंद पडते. तोच ०.३ खोल गेला तर ०.२६. बारीक पायांच्या आयसीखाली दोन पॅडमध्ये (पाय जोडायच्या तांब्याच्या तुकड्यांमध्ये) जागाच पाव मिलिमीटर असते, तेव्हा एवढ्याने पॅडच कुरतडले जातात.

आता बोर्ड किती सपाट असतो ते पाहा. पृष्ठभागावर सोल्डर होणारे भाग बसवायचे असतील, तर आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेच्या निकषांनुसार तयार बोर्डाला ०.७५ टक्के बाक चालतो. म्हणजे १०० मिमी लांबीला पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटर उंचसखल असू शकणाऱ्या जागेवर आपल्याला ०.०८ मिमीची खाच सगळीकडे सारखी पाडायची असते. म्हणूनच हाइट मॅप, म्हणजे उंचीचा नकाशा लागतो: कोरण्याआधी बोर्डावर ठिकठिकाणी उंची मोजायची आणि त्याप्रमाणे बिट वरखाली करत न्यायचा.

अशी छोटी मशीन बसवून देणं, जुळवून देणं आणि अडली की जाऊन पाहणं हे माझं काम. बहुतेक वेळा कारण पटकन सापडतं. सरांचं प्रकरण मात्र तसं नव्हतं, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

सर निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. मुलांच्या प्रयोगांसाठी तापमान नोंदवणारा एक बोर्ड ते स्वतः तयार करत होते. त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरचे पाय ०.८ मिमी अंतराने. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "अगं, नकाशा अगदी चांगला येतो. तरी मधलं तांबं कापलं जात नाही. सॉफ्टवेअर नकाशा वापरतच नाही असं मला वाटतं."

पाठवलेले फोटो पाहिले. कडेच्या खाचा स्वच्छ होत्या. मधल्या भागात नुसते ओरखडे, खाली तांबं चमकत होतं. मग सरांनी खोली ०.०८ वरून ०.२ केली होती. आता मधलं कापलं गेलं, पण कडेचे पॅड बारीक झाले. या टप्प्यावर पुष्कळ जण खोली वाढवत राहतात आणि मला ते अजिबात पटत नाही. एका जागचा दोष झाकायला सगळ्या बोर्डाची खोली वाढवली की मूळ कारण हाती लागणं आणखी अवघड होतं.

गेल्यावर मी पहिल्यांदा प्रोब, म्हणजे उंची मोजण्याची सोय, तपासला. इथे व्यवस्था साधी असते. एक क्लिप तांब्याला, दुसरी बिटाला. बिट हळूहळू खाली येतो, तांब्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं, आर्दुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ए-५ पिन खाली खेचली जाते आणि कंट्रोलर त्या क्षणाची उंची नोंदवून थांबतो. जी३८.२ ही ती आज्ञा. ठरलेल्या अंतरात स्पर्श झाला नाही तर मशीन अलार्म देऊन थांबतं. बिघाड बहुधा इथेच असतो. तांबं काळवंडलेलं असतं, बोटांचा तेलकटपणा असतो, बिटाच्या टोकाला चुरा चिकटलेला असतो. काही जण क्लिप स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) बॉडीला लावतात आणि मग सगळा संपर्क बेअरिंगच्या ग्रीसमधून होतो, म्हणजे कधी होतो, कधी होत नाही. सरांनी क्लिप थेट बिटाच्या दांड्याला लावली होती. तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं होतं. एकाच जागी लागोपाठ प्रोब करून पाहिलं, आकडे ०.०१ च्या आत जुळत होते.

मग नकाशा. बोर्ड १०० बाय ७०, दर १० मिमीवर एक बिंदू, म्हणजे ११ गुणिले ८, एकूण ८८ बिंदू. शून्य डाव्या कोपऱ्यात धरलेलं. चारही कोपरे शून्याच्या आसपास आणि मध्यभाग ०.३१ मिमी वर. छान गुळगुळीत टेकाड. पुन्हा सगळा नकाशा काढला, तेच टेकाड, तीच उंची. वाकलेला बोर्ड असाच दिसतो, त्यात संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं.

मग सरांचा संशय घेतला, सॉफ्टवेअरचा. चार शेजारच्या बिंदूंच्या उंचीवरून मधल्या कोणत्याही जागेची उंची काढायची आणि जी-कोडमधल्या (मशीनच्या आज्ञांच्या फाइलमधल्या) झेडमध्ये, म्हणजे बिटाच्या उंचीत, मिळवायची, एवढंच ते काम. जो कोपरा जवळ त्याचं वजन जास्त. लांब सरळ रेषा असेल तर तिचे बारीक तुकडे करावे लागतात, नाहीतर रेषेच्या दोन टोकांनाच दुरुस्ती लागते आणि मधलं टेकाड तसंच राहून जातं. वर्तुळाकार चालींचंही तेच. मी दुरुस्त केलेली फाइल उघडून पाहिली. रेषांचे तुकडे झाले होते आणि मध्यभागी झेड शून्याच्या वर गेला होता, जसा जायला हवा तसा. चिन्ह उलटं पडलं तर टेकाडावर बिट आणखी खोल जातो, तसंही नव्हतं. खात्रीसाठी शून्य पाच मिलिमीटर वर घेऊन फाइल हवेतच चालवली. मध्यावर येताना स्पिंडल हलकेच वर उचललं जाताना दिसत होतं. सर म्हणाले, "म्हणजे मी उगाच सॉफ्टवेअरला दोष देत होतो."

नकाशा बरोबर, गणित बरोबर, मशीनची चाल बरोबर. आणि खाच उथळ.

अशा वेळी माझा भरवसा खाचेवर असतो. व्ही बिटाची खाच स्वतःच आपली खोली सांगते. रुंदी मोजायची, त्यातून टोकाची जाडी वजा करायची आणि ३० अंशांच्या बिटासाठी ०.५३६ ने भागायचं. सरांकडे यूएसबी मायक्रोस्कोप होता. ०.०८ खोलीच्या पहिल्या बोर्डावर कडेची खाच ०.१४५ मिमी निघाली, म्हणजे खोली ०.०८४. मधली जेमतेम ०.११, म्हणजे खोली ०.०२ च्या आतबाहेर. ३५ मायक्रॉनांच्या तांब्यात २० मायक्रॉन! आकडा समोर आला आणि प्रश्नच बदलला. बिट ठरलेल्या उंचीवर गेला होता हे आम्ही पाहिलं होतं. तरी खाच ०.०६ ने कमी पडली. मग त्या क्षणी तांबं तिथे नव्हतं, ते खाली गेलं होतं.

बोर्ड कसा धरलाय ते मी आता नीट पाहिलं. एमडीएफच्या फळीवर चार कोपऱ्यांना चार क्लॅम्प. मधे खाली काहीच नाही. कागदाची पट्टी घेऊन लांब बाजूच्या मधोमध सरकवली, ती विनाअडथळा आत गेली. मध्यभाग पोकळीवर तरंगत होता.

प्रोब बोर्डाला नुसता शिवतो. विजेचा संपर्क व्हायला दाब लागत नाही, म्हणून त्याला दिसतो तो बोर्ड मोकळा असतानाचा आकार. कोरताना मात्र बिट खाली रेटतो. व्ही बिटाच्या अगदी टोकाशी कापण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो, स्पिंडल कितीही जोरात फिरत असलं तरी. टोक कापतं कमी, दाबतं जास्त. खाली पोकळी असेल तर बोर्ड दबतो आणि बिट पुढे गेला की पुन्हा वर येतो. मागाहून मोजलं तर सगळं जागच्या जागी.

हे खरं की नुसता तर्क, ते पाहणं सोपं होतं. स्पिंडल बंद ठेवून मध्यावर प्रोब केला: ०.३१. मग सरांना म्हटलं, "सर, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बिटाच्या शेजारी हलकं दाबून ठेवा." पुन्हा प्रोब केला: ०.२२. पेन्सिल काढली: ०.३१. कोपऱ्यात क्लॅम्पजवळ तेच केलं, तर आकडा हललाच नाही.

सरांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांनी कागद ओढला आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागले. दोन टोकांना टेकवलेली पट्टी मधोमध किती दबते, तर दोन आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात जास्त आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी. अंतर निम्मं केलं की दबणं आठपट कमी. "मग आणखी क्लॅम्प लावू या," ते म्हणाले. ते चाललं असतं, पण क्लॅम्प बिटाच्या वाटेत येतात आणि प्रत्येक क्लॅम्पजवळ बोर्ड वेगळा वाकतो. बाजूंनी आवळणारे क्लॅम्प तर आणखी वाईट, त्यांनी बोर्ड मधे फुगतोच. मला हवा होता सगळ्या तळाला आधार.

आम्ही आधी फळीच सपाट केली, त्याच मशीनवर सपाट तळाच्या बिटाने वरचा थर काढून. एमडीएफ दमट हवेत फुगतं, त्यामुळे महिन्यापूर्वी सपाट केलेली फळी आजही सपाट असेल असं धरता येत नाही. नव्या बोर्डाच्या कडांवर कापताना उभी राहिलेली बारीक कोर होती, ती सँडपेपरने घासली. ती राहिली तर कडच उचलली जाते. मग बोर्डाच्या पाठीला आणि फळीला मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता लावल्या आणि दोन्ही टेपच्या मधे सुपरग्लू. वर जड सपाट वजन ठेवलं आणि पुरेसा वेळ हात लावला नाही. दुहेरी टेपही चालते, पण पातळ हवी. फोमची जाड टेप कधीच वापरू नये. ती सगळीकडे आधार दिल्यासारखी वाटते, पण स्वतःच दबते आणि मघाचाच दोष परत येतो.

नवा नकाशा काढला. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल बिंदूंमधला फरक आता ०.०७ मिमी. पेन्सिल घेऊन सर स्वतःच मध्यावर, कडेला, जिथे बारीक पाय येणार होते तिथे दाबून पाहत होते आणि मी प्रोब करत होते. आकडा कुठेच हलला नाही. एवढ्या सपाट बोर्डाला नकाशा कशाला, असं सरांनी विचारलं. ०.०७ म्हणजे ठरवलेल्या खोलीएवढाच फरक, नकाशाशिवाय एका बाजूला बिट तांब्याला शिवलाच नसता. नकाशा हवाच. पण तो आकाराची भरपाई करतो, हालचालीची नाही, आणि दोन्ही प्रश्न स्क्रीनवर एकसारखेच टेकाड होऊन दिसतात.

खोली ०.०७ ठेवून कोरायला घेतलं. एफआर-४ ची धूळ म्हणजे काचतंतूंची धूळ, त्यामुळे तोंडाला मास्क आणि बिटाजवळ व्हॅक्यूमची नळी, बोर्डाला न टेकवता. मायक्रोस्कोपखाली मध्यावर आणि कडेला खाच ०.१३ ते ०.१४ च्या मधे. मल्टिमीटर बीपवर ठेवून सरांनी आयसीचे शेजारशेजारचे पॅड एकेक करून तपासले, एकदाही बीप वाजला नाही.

भोकांसाठी बिट बदलताना त्यांनी विचारलं की नकाशा पुन्हा काढायचा का. गरज नसते. नकाशातल्या उंची एका बिंदूच्या तुलनेत असतात, त्यामुळे नव्या बिटाने त्याच बिंदूवर झेडचं शून्य पुन्हा घेतलं की पुरतं. दुसऱ्याच कुठल्या जागी शून्य घेतलं तर सगळा नकाशा तेवढ्याने वरखाली होतो. बोर्ड काढून पुन्हा लावला, किंवा उलटवला, तर मात्र जुना नकाशा टाकून द्यायचा.

पुढचा बोर्ड सरांना ०.८ मिमी जाडीचा करायचा आहे, पेटीत जागा कमी आहे म्हणून. त्यांच्याच घनाच्या हिशेबाने तो आठपट सहज दबणार. तेव्हा चिकटवण्याची पद्धत हीच ठेवायची, आणि नकाशा काढल्यावर पेन्सिलीची चाचणी नुसती मध्यावर न करता प्रत्येक आयसीखाली करायची, असं आमचं ठरलं आहे.