समुद्राचा वारा आणि मांडवीचे उंदीर

मरीन लाइन्स स्टेशनातून उतरून काळबादेवीकडे चालत जाताना प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आजूबाजूच्या गल्ल्यांच्या मानाने इतका रुंद आणि सरळ का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडला नव्हता. हा रस्ता वाहनांपेक्षा वाऱ्यासाठी आखला होता, हे कळल्यावर मात्र मुंबईच्या प्लेगविषयी मिळेल ते वाचू लागलो.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रुग्ण ओळखला. मांडवी ही बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांपूर्वीच साथ येऊन गेली होती, आणि त्या बंदराशी मुंबईचा व्यापार अखंड चालू होता. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि वखारीच्याच माळ्यावर दाटीवाटीने राहणारी माणसे, अशी रचना व्यापाराने आधीच करून ठेवली होती. रोगाला वेगळे काही करावे लागले नाही.

साथीच्या जंतूचा शोध 1894 मध्येच लागला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे ठाऊक नसल्यामुळे अधिकाऱ्यांचा रोख घाण, दमट जमीन आणि कोंदट हवा यांवर राहिला. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक सोडले गेले, घरांची कौले काढून आत ऊन पाडले गेले. गटारातले उंदीर या उपायांनी मरण्याऐवजी शेजारच्या घरांत पांगले असणार, असे आज सहज म्हणता येते. खेड्यापाड्यांतील लोकांचा ठोकताळा त्या मानाने नेमका होता. आमच्या घरातील जुनी माणसे सांगत, की घरात उंदीर मरून पडला की सामान उचलायचे आणि माळावर झोपडी घालायची. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवला, आणि तोही बरीच वर्षे गांभीर्याने घेतला गेला नाही.

दरम्यान शहर रिकामे होत होते. कोकणातले आणि घाटावरचे गिरणीकामगार बायकामुलांसह गावी निघाले. आगगाड्या आणि बोटी भरून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला. मात्र मागे राहिलेल्या कामगाराची किंमत वाढली. एरवी महिनाभर राबवून पगारही उशिराने देणाऱ्या गिरण्यांना 1897 च्या सुरुवातीला रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली आणि नाक्यानाक्यावर माणसांसाठी एकमेकींशी चढाओढ करावी लागली. साथ ओसरताच मालकांनी जुनी रीत पुन्हा आणली. तरीही ते काही महिने मला फार बोलके वाटतात, कारण गाव हा कामगाराचा खरा आधार होता हे त्यांतून दिसते.

सरकारचे उत्तर कायद्याच्या रूपाने आले. फेब्रुवारी 1897 मधील साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता, आणि त्यातील एक कलम सद्भावनेने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देण्यासाठी खर्ची पडले होते. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर रुग्ण शोधून हलवायला घराघरांत, माजघर-देवघरापर्यंत शिरले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. टिळकांनी ‘केसरी’तून या झडत्यांवर टीका केली आणि पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यातही पुढाकार घेतला, यातील दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. तिथेच लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. विलगीकरण दोन्हीकडे होते, फरक नेणाऱ्या हातांचा होता.

आता वाऱ्याकडे वळतो. 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट हवेचा सिद्धांत प्रमाण मानून शहर कापायला घेतले. पश्चिमेचा समुद्री वारा जुन्या दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, तसाच पूर्व-पश्चिम जाणारा सँडहर्स्ट रोड. आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर दादर-माटुंग्याच्या वसाहती, जिथे मध्यमवर्ग पुढे ब्लॉक घेऊन राहू लागला. कारण चुकीचे होते, पण रस्ते उपयोगाचे निघाले. ज्यांची घरे पाडली गेली त्यांचा हिशेब मात्र जमला नाही. ट्रस्टच्या चाळी पाडलेल्या खोल्यांना पुरेशा नव्हत्या, आणि ज्याचे पोट बंदरावर किंवा बाजारात होते त्याला लांब जाऊन राहणे परवडत नव्हते. तो शेजारच्या गल्लीतल्या, आधीच भरलेल्या चाळीत भाड्याने शिरला. म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काढलेल्या रस्त्याने दोन्ही बाजूंना दाटी वाढवली.

1891 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे 8 लाख 21 हजार होती, 1901 मध्ये ती 7 लाख 76 हजारांवर आली. पुढच्या दहा वर्षांत शहराने ही तूट भरून काढली, तरी प्लेग अधूनमधून परतत राहिला. चार कलमांचा तो कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला, तेव्हाही मुंबईतून माणसे गावाकडेच निघाली होती. या वेळी अनेकांच्या वाट्याला आगगाडीही नव्हती.