तुम्ही विचारलंत म्हणून: जाळलेला माणूस उठणार कसा?

ऑफिसात, लग्नात, एकदा तर विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेलो असताना, प्रश्न तोच. "तुमच्यात मेलेले परत उठतात ना? मग तुझ्या पप्पांना तर जाळलं, ते कसे उठणार?" विचारणाऱ्यांत हिंदू मित्र आहेत तसे आमचे वसईचे कॅथलिकही आहेत, आणि आमचे जास्त खोचून विचारतात. एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे हा पुनर्जन्म नाही, दुसऱ्या देहात दुसऱ्याच्या घरी येणं वगैरे आमच्यात नाही. बायबलमधल्या लाजरसारखंही नाही, येशूने उठवल्यावर तो चार दिवसांनी थडग्यातून बाहेर आला खरा पण पुढे कधीतरी परत मेलाच असणार ना. येशू उठला तो पुन्हा न मरण्यासाठी, आणि तरी अंगावरचे खिळ्यांचे व्रण तसेच.

आता पप्पांचं. एप्रिल 2021, दुसरी लाट. हॉस्पिटलमधून रात्री फोन, सकाळी बॉडी थेट विद्युतदाहिनीला. मी सांगून पाहिलं की साहेब सरकारी गाइडलाइनमध्ये दफन चालतं, आमची दफनभूमी आहे, खड्डा खोल खणू, समोरचा म्हणाला आज गाडी एकच आहे आणि ती तिकडेच जाणार. चेहरा दाखवला नाही, चेन लावलेली पिशवी आणि त्यावर मार्करने नाव, तेही स्पेलिंग चुकलेलं. फादरांनी फोनवरून प्रार्थना म्हटली, मी स्पीकर लावून पिशवीच्या दिशेने मोबाइल धरून उभा, मधेच रेंज गेली. नंतर तिथल्या माणसाने डबा हातात देताना विचारलं, "नाशिकला नेणार का?" म्हटलं नाही, मम्मीच्या कबरीत. त्याला काही कळलं नसावं, पण मान डोलावली बिचाऱ्याने.

आणि आत्या. तिने डबा बघितला आणि ओरडलीच, "अरे हाडं तरी ठेवायचीस रे, उठताना कशाला धरून उठेल तो?"

मी तिला तिथेच पाठ केल्यासारखं सांगितलं की चर्चने 1963 पासून दहनाला परवानगी दिलीय, 2016 ला रोमने एवढंच सांगितलं की राख उधळू नका, घरात ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. सगळं बरोबर होतं आणि त्या वेळी अगदी निरुपयोगी. मला आजही वाटतं की मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, आणि लगेच वाटतं, का बसायचं, कुणीतरी उत्तर द्यायला नको?

नंतर वाचण्यात आलं की इसवी सन 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योनला ख्रिस्ती लोकांना मारून, देह जाळून राख मुद्दाम रोन नदीत फेकली होती, हे उठायला नकोत म्हणून. म्हणजे आत्याचा आणि त्या मारेकऱ्यांचा हिशोब एकच, देवाला सामान पुरवायला लागतं. चर्चने तेव्हाही ऐकलं नाही, त्यांना हुतात्मेच मानलं.

लाजरची बहीण मार्थाही, तो मेल्यावर येशूला म्हणते, माझा भाऊ शेवटल्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात याला पैकीच्या पैकी. तो तिला कसं आणि कधी ते समजावत बसत नाही, म्हणतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." आणि पुढे थडग्याकडे जाताना रडतो. हे मला फार लागतं, कारण पाच मिनिटांत उठवणारच आहे हे माहीत असून रडतो. माझ्यापुरतं जीवन म्हणजे हेच, मेल्यावरची तारीख नाही, आत्ता कुणाला धरून आहोत ते. पण बरेच दिवस असे असतात की काहीच धरल्यासारखं वाटत नाही, फक्त ती चेन दिसते.

तरी तुम्ही विचाराल कसे उठणार. करिंथच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही विचारलं होतं, प्रेषित पौलाने पत्रात त्यांना आधी मूर्ख म्हटलं मग बियाण्याचं सांगितलं, की पेरलेलं बी मेल्याशिवाय जिवंत होत नाही. मी तुम्हाला मूर्ख म्हणत नाही, फार वेळा विचारलंत एवढंच.

आत्याला यातलं काही पटलेलं नाही. तिने बजावून ठेवलंय, मला जाळायचं नाही, आणि मी हो म्हटलंय. आता म्हणा विसंगत.